जुन्या ट्रॅक्टरची पोथी

लाकडी नांगराच्या दुरुस्तीचे पुस्तक कोणी कधी छापले नाही, कारण तशा पुस्तकाची गरजच कोणास भासली नाही. हाळीस मोडले तर सुतार गावातच होता. फाळ बोथट झाला तर लोहाराचा भाता हाकेच्या अंतरावर पेटलेला असे. नांगर कसा जुळवावा, रुमण्यास किती कल द्यावा, कोणत्या जमिनीत फाळ किती पुढे काढावा, हे सारे ज्ञान त्या दोघांच्या हातांत साठलेले असे आणि त्याचा मोबदला शेतकरी सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुते घालून चुकता करी. अवजार आणि त्याचा वैद्य एकाच गावात नांदत होते.

ट्रॅक्टरने ही घडी मोडली. यंत्र गावात आले, परंतु ते घडविणारा कारागीर हजारो मैल दूर असलेल्या कारखान्यातच राहिला. त्याच्या जागी यंत्राबरोबर आले ते एक पुस्तक. म्हणून जुन्या ट्रॅक्टरसाठी दुरुस्तीचे पुस्तक निवडणे ही किरकोळ खरेदी नव्हे. जो कारागीर गावात कधी आलाच नाही, त्याचीच ती निवड होय. ही निवड चुकली तर काय होते, हे ज्याचा वाफसा हुकला आहे त्यास सांगावे लागत नाही. पाऊस पडून जमीन पेरणीयोग्य होते ते दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर उघडून पडला असेल आणि मिस्त्री भलत्याच पुस्तकातील भलतेच माप धरून बसला असेल, तर वर्षाचे पीकच डावावर लागते.

गावच्या कारागिराकडून कारखान्याच्या पुस्तकाकडे जाणाऱ्या वाटेवरचा पहिला टप्पा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर, बेळगाव परिसरात दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार वाट पाहावी लागली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. लोखंडी नांगराचा झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा भाग बसविता येत असे. पण त्यासाठी शेतकऱ्यास त्या भागाचे नाव ठाऊक असावे लागे आणि तो कोठे मिळतो हेही कळावे लागे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, ती मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठीच. यंत्र विकणाऱ्याने यंत्रामागोमाग शब्दही धाडले पाहिजेत, ही जाणीव तेव्हाच उगवली होती.

हीच जाणीव त्याच सुमारास अमेरिकेत एका कायद्याच्या रूपाने प्रकट झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. मिनियापोलिस शहरातील एका कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला 'फोर्ड' हे नाव दिले. हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने तो ट्रॅक्टर घेतला आणि तो पस्तावला. दुसरा घेतला, त्याचीही तीच गत झाली. तिसरा मात्र चांगला निघाला. पुढे हे गृहस्थ राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये नेब्रास्काचा ट्रॅक्टर-चाचणी कायदा संमत झाला. विद्यापीठाने परीक्षा घेतल्यावाचून ट्रॅक्टरचा नवा नमुना राज्यात विकता येऊ नये, हा त्या कायद्याचा गाजलेला भाग. १९२० मध्ये चाचण्या सुरूही झाल्या. परंतु त्यात आणखी एक अट होती. ट्रॅक्टर विकणाऱ्याने सुट्या भागांचा साठा असलेले सेवा-केंद्र राज्यातच ठेवले पाहिजे, असे कायदा सांगत होता. यंत्राची खरी परीक्षा ते नादुरुस्त झाल्यावर होते, हे त्या शेतकरी-आमदाराने स्वतःच्या पदरमोडीतून ओळखले होते.

ज्या दोन ट्रॅक्टरांमुळे दुरुस्तीच्या पुस्तकाचा प्रश्न जगभर घरोघरी पोहोचला, त्यांचा जन्म एका हस्तांदोलनातून झाला. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टर आणि अवजार यांना तीन सांध्यांनी जोडणारी व तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी रचना सिद्ध केली होती. १९३८ मध्ये त्यांनी ती हेन्री फोर्ड यांना दाखविली आणि दोघांनी लेखी करारावाचून, केवळ हातात हात देऊन भागीदारी ठरविली. पुढच्याच वर्षी ९-एन हा ट्रॅक्टर बाहेर पडला. पण शब्दावर उभारलेली ही भागीदारी हेन्री फोर्ड यांच्या मागून आलेल्या पिढीने मोडली. फोर्डने १९४७ मध्ये स्वतःचा ८-एन काढला, फर्ग्युसन न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलर घेऊन तडजोड झाली. दरम्यान फर्ग्युसन यांनी इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून आपला टीई-२० बनविण्यास आरंभ केला होता. हाच तो करड्या रंगाचा 'छोटा फर्गी'. ८-एन आणि टीई-२० हे दोन्ही ट्रॅक्टर प्रत्येकी पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. दिसावयास ते सख्खे भाऊ. त्यांचे कित्येक अवयवही एकाच वळणाचे. आणि नेमक्या ह्याच सारखेपणामुळे पुस्तक निवडणाऱ्याची फसगत होऊ लागली.

ही फसगत कशी होते हे पाहण्यापूर्वी पुस्तकांच्या जाती ओळखल्या पाहिजेत. ट्रॅक्टरबरोबर मिळते ती चालकाची पुस्तिका. तेल केव्हा बदलावे, ग्रीस कोठे द्यावे, पंख्याचा पट्टा किती ताणावा, टायरमध्ये हवा किती भरावी, एवढेच ती सांगते. ती रोजच्या निगेसाठी असते आणि तेवढ्यापुरती अमोल असते. दुसरे पुस्तक कारखान्याने अधिकृत विक्रेत्यांच्या कारागिरांसाठी काढलेले, ज्यास आपल्याकडे सर्रास वर्कशॉप मॅन्युअल म्हणतात. इंजिन कसे उकलावे, कोणता भाग किती झिजला म्हणजे टाकून द्यावा, कोणता बोल्ट किती जोराने आवळावा, हे त्यात असते. तिसरी असते सुट्या भागांची यादी. तीत कृती नसते. पण प्रत्येक जोडणीचे भाग एकापुढे एक सुटे मांडलेले चित्र असते आणि प्रत्येक भागास क्रमांक असतो. कोणती चकती कोणत्या बाजूस येते, स्प्रिंग आधी की वाटी आधी, हे पुष्कळदा मोठ्या पुस्तकापेक्षा ह्या यादीतील चित्रावरून चटकन कळते. चौथी जात कारखान्याबाहेर छापलेल्या पुस्तकांची. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथून 'इम्प्लिमेंट अँड ट्रॅक्टर' ह्या व्यापारी नियतकालिकाच्या छत्राखाली निघालेली आय अँड टी पुस्तके ह्या जातीत विशेष प्रसिद्धी पावली. एकाच पुस्तकात ९-एन, २-एन आणि ८-एन अशा तिन्ही भावंडांची मापे ती देतात. किंमत माफक, आकार आटोपशीर. मात्र लिहिणाऱ्याने वाचणारा मुळातच मिस्त्री आहे असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे 'हा भाग काढून तपासावा' अशा एका वाक्यात दिवसभराचे काम मावून जाते.

आता फसगतीचे उदाहरण. ८-एन ट्रॅक्टरवर १९५० पर्यंत डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या पुढील अंगास, पंख्यामागे अडचणीच्या जागी बसविलेला असे. त्यास हात पोहोचणे कठीण, म्हणून कंपनीने तो उचलून इंजिनाच्या बाजूस नेला. हा बदल २,६३,८४४ ह्या क्रमांकाच्या ट्रॅक्टरपासून झाला. नाव बदलले नाही. बॉनेट, चाके, पोलाद सारे तेच. परंतु पुढे बसणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधील फट ०.०१५ इंच ठेवावयाची असते, तर बाजूच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये तीच ०.०२५ इंच. हा फरक एका मिलिमीटरच्या चतुर्थांशाएवढा. पण तेवढ्याने ठिणगीची वेळ हुकते आणि ट्रॅक्टर सुरू होण्यास कुरकुर करू लागतो. ज्याच्यापाशी १९४८ ची पुस्तिका आहे आणि दारात १९५१ चा ट्रॅक्टर उभा आहे, तो पुस्तकाबरहुकूम चोख काम करील आणि तरीही चुकेल. शिवाय ह्या ट्रॅक्टरची विजेची रचना सहा व्होल्टची, आणि बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले. आजच्या गाड्यांवर ऋण टोक अंगाला जोडण्याची सवय झालेल्या कारागिरास पुस्तकाने हे पहिल्याच पानावर बजावले नाही, तर तो सद्‌हेतूने तारा उलट जोडून मोकळा होईल.

फर्ग्युसनच्या बाबतीत हाच धडा अक्षरांतून मिळतो. टीई-२० हे कुळाचे नाव. आरंभीच्या टीई-२० मध्ये अमेरिकन कॉन्टिनेन्टल इंजिन होते. पुढे टीईए-२० मध्ये स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन आले. टीईडी-२० ट्रॅक्टरसाठी बनविलेल्या रॉकेलसदृश तेलावर चाले. १९५१ मध्ये आलेला टीईएफ-२० डिझेलचा. बाहेरून पाहणाऱ्यास चारही सारखेच करडे. नावाच्या मधोमध आलेल्या एका अक्षरात इंजिनाचा सारा इतिहास सामावलेला आहे, आणि ते अक्षर ट्रॅक्टरच्या पाटीवर कोरलेले आहे. पुढे मॅसी-हॅरिस व फर्ग्युसन यांचे १९५३ मध्ये एकत्रीकरण झाले आणि १९५६ पासून '३५' क्रमांकाचा ट्रॅक्टर निघू लागला. त्याच्या डिझेल नमुन्यात प्रथम स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. थंडीत ते लवकर सुरू होत नाही म्हणून त्याची अपकीर्ती झाली, आणि १९५९ च्या अखेरीपासून पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले. एकच नाव, एकच लाल बॉनेट, पण खाली चार सिलिंडर की तीन, हे पाहिल्यावाचून '३५ चे पुस्तक' मागणे म्हणजे वैद्याकडे जाऊन रोग्याचे केवळ आडनाव सांगण्यासारखे आहे.

हिंदुस्थानात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण येथे ट्रॅक्टर दहा दिशांनी आले. स्वातंत्र्याच्या वर्षीच केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली आणि युद्धानंतर उरलेले अमेरिकन लष्कराचे ट्रॅक्टर हाताशी धरून पडीक जमीन उठविण्याचे काम आरंभिले. मध्य भारत, भोपाळ आणि आसपासच्या प्रदेशात कांस नावाच्या गवताने हजारो एकर जमीन गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलांच्या नांगराने ती निघत नसत. १९४९ मध्ये जागतिक बँकेने ह्या कामासाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. देशाला त्या बँकेकडून मिळालेले हे दुसरे कर्ज. पहिले त्याच वर्षी रेल्वेसाठी मिळाले होते. एवढी यंत्रे आली तेव्हा ती चालविणारे व दुरुस्त करणारे हात घडविणे भाग पडले. १९५५ मध्ये नर्मदाकाठी बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले आणि १९५९ पासून तेथे ट्रॅक्टरांची चाचणीही होऊ लागली. नेब्रास्कात जे चाळीस वर्षांपूर्वी घडले होते, ते इंदूर-ग्वाल्हेरकरांच्या अंगणात येऊन पोहोचले.

ह्यानंतर देशी कारखाने उभे राहिले, पण प्रत्येकाचे आजोळ निराळे. फरिदाबादेस १९५९ मध्ये जर्मन कुळातील आयशर तयार झाला. १९६० मध्ये मद्रासला मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने 'टॅफे'ची स्थापना झाली. बडोद्याच्या हिंदुस्तान ट्रॅक्टर्सने १९६३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाशी सहकार्य केले. त्यापूर्वी परदेशी फर्ग्युसन विकणाऱ्या एस्कॉर्ट्सने पोलंडचा हात धरून १९६४ मध्ये स्वतःचे उत्पादन सुरू केले. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून बी-२७५ आला, त्याचे मूळ ब्रिटनमध्ये. १९७१ मध्ये पिंजोर येथे एचएमटीने झेटर २५११ काढला. तो पुन्हा चेक वंशाचा. ह्या वंशावळीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की देशी ट्रॅक्टरचे जुने पुस्तक मिळेनासे झाले, तर त्याच्या परदेशी पूर्वजाचे पुस्तक शोधता येते. इंजिन आणि गिअरपेटी यांची बरीच मापे जुळतात. मात्र पूर्वजाचे पुस्तक हे पूर्वजाचेच असते, हे विसरता कामा नये. इंजेक्शन पंप, क्लच, विजेची जोडणी आणि बेअरिंगा ह्या ठिकाणी येथील कारखान्याने मागाहून बदल केलेला असण्याचा संभव मोठा. तेथे प्रत्यक्ष भागावरील खूण पाहूनच पाऊल टाकावे.

नावे बदलतात ही आणखी एक अडचण. बडोद्याचा तो कारखाना १९७८ मध्ये गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाला, १९९९ मध्ये महिंद्राकडे गेला आणि २०१७ मध्ये त्यास ग्रोमॅक्स हे नाव मिळाले. एका ट्रॅक्टरच्या आयुष्यात त्याच्या घराण्याचे नाव तीनदा पालटले. पुस्तक शोधणाऱ्याने आजच्या नावाने चौकशी केली तर हात हलवीत परतावे लागेल. ट्रॅक्टर ज्या वर्षी बाहेर पडला त्या वर्षी कंपनी ज्या नावाने नांदत होती, त्या नावाने पुस्तक मागितले पाहिजे. पिंजोरचा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय तर केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला. कारखान्यास कुलूप लागले, पण त्याचे ट्रॅक्टर कुलूप लावून थांबले नाहीत. अशा यंत्रांच्या बाबतीत पुस्तक हाच कारखान्याचा एकमेव वारस उरतो.

तेव्हा निवड करावी कशी? पहिली गोष्ट, पुस्तकाच्या दुकानात जाण्यापूर्वी ट्रॅक्टरपाशी जावे. चिंधीने आणि रॉकेलने पाटी पुसून तिच्यावरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरून घ्यावे. इंजिनावरील क्रमांक वेगळा असेल तर तोही टिपावा, कारण पन्नास-साठ वर्षांच्या ट्रॅक्टरमध्ये मूळचे इंजिन असेलच असे नाही. ८-एनचा क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवरच ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की ट्रॅक्टरची जन्मतिथीच बदलल्यासारखी होते. मग पुस्तक हाती आल्यावर मुखपृष्ठावरील चित्रास भुलू नये. आतल्या पानावर ते कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत लागू आहे हे शोधावे. जे पुस्तक ही मर्यादा स्पष्ट सांगत नाही, त्याच्या बाकीच्या सांगण्यावरही बेताचाच विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट, पुस्तकाची परीक्षा एका अवघड कामावर घ्यावी. फर्ग्युसन कुळातील ट्रॅक्टरना निराळी चौकट नसते. इंजिन, गिअरपेटी आणि मागील धुरा एकमेकांस जोडून त्यांचाच कणा केलेला असतो. त्यामुळे क्लचची प्लेट बदलावयाची तर ट्रॅक्टर मधोमध उकलून त्याचे दोन तुकडे करावे लागतात. चांगल्या पुस्तकात ह्या ठिकाणी आधी आधारांचे चित्र असते. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलणारा असल्यामुळे, त्याच्या दोन्ही अंगांस लाकडी पाचरी ठोकल्यावाचून बोल्ट सैल करू नयेत, असे ते बजावून सांगते. पाचर विसरली तर इंजिनाचा भाग एका बाजूस कलंडतो, आणि खाली असलेल्या माणसास सावरण्याची सवड मिळत नाही. जे पुस्तक हे काम 'इंजिन गिअरपेटीपासून वेगळे करावे' एवढ्या शब्दांत उरकते, ते निष्णात कारागिरास पुरेल. घरच्या घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ते देऊ नये.

तिसरी गोष्ट, दोषावरून कारणाकडे नेणारे कोष्टक त्यात आहे काय ते पाहावे. लिफ्ट उचलत नाही, ही तक्रार एक. तिची कारणे अनेक. टीई-२० आणि ८-एन ह्यांच्या मागील पेटीत गिअर, धुरा व लिफ्ट यांस एकच तेल पुरते. ते कमी झाले असेल, भलत्याच जातीचे भरले असेल, झडप अडकली असेल, पंप झिजला असेल, किंवा दट्ट्याची कडी गेली असेल. जाणते पुस्तक प्रथम तेलाची पातळी पाहावयास सांगते आणि पंप काढण्याची पाळी शेवटी आणते. अर्धवट पुस्तक थेट पंपावर उडी घेते, आणि बाटलीभर तेलाने भागणारे काम हजारो रुपयांवर जाते.

चौथी गोष्ट, मापांची. झिजेची मर्यादा, वाल्व्हची फट गरम इंजिनावर की थंड, हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने व किती जोराने आवळावे, ही कोष्टके पुस्तकात एकत्र व ठळक असावीत. ब्रिटिश-अमेरिकन पुस्तकांत इंच आणि फूट-पौंड, चेक कुळातील यंत्रांत मिलिमीटर आणि किलोग्रॅम-मीटर. आपल्या पेटीतील पाने आणि मोजपट्ट्या कोणत्या जातीच्या आहेत तेही ध्यानी घ्यावे. इंचाच्या नटास मिलिमीटरचा पाना जवळजवळ बसतो, आणि त्या 'जवळजवळ'नेच नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या पुस्तकांची पुन्हा छापलेली किंवा छायाप्रत काढलेली प्रत घेताना हीच कोष्टके प्रथम उजेडात धरून वाचावी. चित्र पुसट असले तर चालवून घेता येईल. पण तीनाचा आठ झालेला आकडा इंजिन फोडू शकतो.

पाचवी गोष्ट भाषेची. ही पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात, आणि मिस्त्री ज्या शब्दांत बोलतो ते शब्द पुस्तकात नसतात. बेळगावात त्याच भागास कानडी वळणाचे नाव असते, बडोद्यास गुजराती, इंदूरला हिंदी. ह्यावर उपाय जुनाच आहे. सुट्या भागांच्या यादीतील चित्रे घेऊन, प्रत्येक भागाच्या क्रमांकापुढे आपल्या मिस्त्रीचा शब्द पेन्सिलीने लिहावा. चित्र आणि आकडा ह्यांस भाषांतर लागत नाही. म्हणून दोन पुस्तके घेण्यापुरताच पैसा असेल, तर एक नेमक्या क्रमांकाचे वर्कशॉप मॅन्युअल आणि दुसरी त्याच क्रमांकाची भागांची यादी घ्यावी. चालकाची पुस्तिका ट्रॅक्टरबरोबर आली असेल तर तिचा सांभाळ करावा, आणि सर्वसंग्राहक पुस्तक मागाहून घ्यावे.

जुन्या यंत्रांचे एक भाग्य असे की त्यांचे ज्ञान छापून बाहेर आले आणि कोणासही विकत घेता आले. नव्या ट्रॅक्टरांत पुष्कळसे ज्ञान संगणकाच्या संकेतांत बंद असते आणि ती किल्ली कारखान्यापाशी राहते. ह्याविरुद्ध अमेरिकेतील शेतकऱ्यांनी बरीच वर्षे गाऱ्हाणे मांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेती-यंत्रांची दुरुस्तीपुस्तके, अवजारे व सुटे भाग मालकास उपलब्ध करून देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढील विषयांत शेतीची अवजारेही होती. क्रोझियरचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्नच हा, नव्या वेषात आलेला. यंत्र विकत घेणाऱ्यास त्याच्या दुरुस्तीची विद्याही मिळावी की नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ज्याच्या गोठ्याशेजारी जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्यापुरते ह्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ती विद्या छापलेली आहे. ती नेमक्या क्रमांकाने मागावी लागते इतकेच. आणि मिळाल्यावर ते पुस्तक कपाटात ठेवू नये. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच्या कोऱ्या पानांवर तारीख, बदललेला भाग आणि आढळलेले माप लिहीत जावे. कारखान्याने त्या नमुन्याच्या लाखो यंत्रांविषयी लिहिले आहे, ह्या एका यंत्राविषयी नाही. ते लिहिण्याचे काम मालकाचे. पूर्वी गावच्या लोहाराला प्रत्येक घरचा नांगर ओळखू येई. तेलाच्या डागांनी भरलेल्या त्या पुस्तकात तशीच ओळख हळूहळू साठत जाते, आणि पुढच्या मृगात ट्रॅक्टर अडला तर ती ओळख कामास येते.